महापालिकेचा मोफत कोर्स ते पहिली पगार स्लिप

महापालिकेच्या मोफत प्रशिक्षणाचा फ्लेक्स चौकात लागतो तेव्हा कोर्सची नावं ठळक अक्षरांत असतात आणि तळाशी बारीक ओळ असते, ‘नोकरीसाठी साहाय्य’. चौकशी करायची ती या बारीक ओळीची. वर्ग भरवायला खोली आणि शिकवणारा मिळाला की भागतं. वर्ग सुटल्यावर मुलगा किंवा मुलगी कुठे कामाला लागणार, किती पगारावर आणि तिथे टिकणार का, हे ठरवणं अवघड असतं. पुढची माहिती मुख्यतः पुणे आणि पिंपरी-चिंचवडची आहे. दुसऱ्या शहरात विभागांची नावं बदलतील, अडचणी फारशा बदलणार नाहीत.

कोणत्या दाराने जायचं

राज्यातल्या महापालिकांना अंदाजपत्रकातला प्रत्येकी ५ टक्के निधी महिला-बालकल्याण, दुर्बल घटक आणि दिव्यांग यांच्यासाठी राखावा लागतो. शिवण, ब्युटी पार्लर, चारचाकी ड्रायव्हिंग, संगणक असे छोटे कोर्स सहसा या पैशातून होतात. ते समाज विकास विभागाकडे असतात. त्यासाठी मुख्य इमारतीत खेटे घालण्यापेक्षा आधी क्षेत्रीय कार्यालयात जा आणि तुमच्या वस्तीची समूह संघटिका कोण, ते विचारा. कोणती बॅच कधी सुरू होणार, अर्ज कधीपर्यंत घेणार, कुणाचा अर्ज कशावर अडकला, हे तिला तोंडपाठ असतं. निधी आर्थिक वर्षाचा असतो, त्यामुळे फेब्रुवारी-मार्चमध्ये घाईघाईने बॅच भरल्या जातात. त्या घाईत कोर्सचे तास कापले जात नाहीत ना, एवढं पाहा.

दुसरं दार लाइटहाउस या कौशल्य केंद्रांचं. पुण्यात पहिलं लाइटहाउस २०१६ साली औंधला सुरू झालं. महापालिका आणि स्वयंसेवी संस्था मिळून ही केंद्रं चालवतात. इथे आल्याआल्या कोर्सला बसवत नाहीत. आधी काही आठवड्यांचा पायाभूत वर्ग असतो, मग कल पाहून कोर्स ठरतो. हा पायाभूत वर्ग ‘नुसत्या गप्पा’ म्हणून बुडवणारे पुढे मुलाखतीत अडखळतात.

तिसरं दार आयटीआयचं. पिंपरी-चिंचवड महापालिकेचे स्वतःचे आयटीआय आहेत, एक मोरवाडीला आणि मुलींसाठी कासारवाडीला. प्रवेश मात्र राज्याच्या ऑनलाइन प्रक्रियेतून, दहावीच्या निकालानंतरच्या फेऱ्यांमध्ये होतो. तारीख हुकली तर वर्ष गेलं. यादीत जोडारी, संधाता, वीजतंत्री, तारतंत्री अशी नावं दिसतील. म्हणजे अनुक्रमे फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन आणि वायरमन. दहावी नापासांना वेल्डर आणि वायरमन हे मार्ग खुले असतात. हे अनेक घरांत माहीतच नसतं आणि मुलगा तीन महिन्यांच्या कुठल्यातरी कोर्सला जाऊन बसतो. दहावीच्या आसपासचं वय असेल आणि घरची चूल एक-दोन वर्षं त्याच्या कमाईशिवाय चालणार असेल, तर छोट्या कोर्सपेक्षा आयटीआय केव्हाही बरा.

जुन्या पाट्यांवर ‘राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियान’ लिहिलेलं दिसेल. ते अभियान ३० सप्टेंबर २०२४ ला संपलं. पाटी पाहून अर्ज देऊ नका. आत्ता बॅच कोणत्या योजनेतून चालू आहे ते विचारा आणि तेच नाव अर्जावर लिहा.

कागद

घोडं बहुतेक वेळा इथेच अडतं, आणि तेही कागद नसल्यामुळे कमी, कागदांवरची नावं न जुळल्यामुळे जास्त. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर नंतर; एकीकडे वडिलांचं नाव पूर्ण, दुसरीकडे नुसतं आद्याक्षर; मुलीचं लग्न झालं असेल तर तिसरंच नाव. गुणपत्रिका प्रमाण माना आणि आधार तिच्याप्रमाणे करून घ्या. उलटं करायला जाल तर परीक्षा मंडळाच्या फेऱ्या नशिबी येतील. आधारवर नाव दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच, म्हणून केंद्रावर पावती छापण्याआधी स्क्रीनवरचं अक्षर न् अक्षर वाचा. लग्नानंतरच्या नावासाठी विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्राची प्रत जोडा.

फाइलमध्ये शाळा सोडल्याचा दाखला, शेवटची गुणपत्रिका, आधार, शिधापत्रिका, रहिवासाचा पुरावा आणि पासपोर्ट आकाराचे आठ फोटो ठेवा. लागू असेल तर जातीचा दाखला, दिव्यांगांसाठी यूडीआयडी कार्ड. झोपडपट्टीत राहणाऱ्यांना रहिवासासाठी फोटोपास किंवा सेवाशुल्काची पावती चालते का, ते समूह संघटिकेला आधीच विचारा. भाड्याने राहणाऱ्यांची अडचण मोठी असते, कारण घरमालक करार करून देत नाही. अशा वेळी त्या पत्त्यावरचं मतदार ओळखपत्र किंवा गॅसचं पुस्तक कामी येतं.

उत्पन्नाचा दाखला सेतू किंवा आपले सरकार केंद्रातून मिळतो. एका वर्षाच्या दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते. जानेवारीत काढलेला दाखला एप्रिलच्या बॅचला चालत नाही, म्हणून अर्जाची तारीख कळल्यावरच काढा.

आता बँक. विद्यावेतन किंवा प्रवासखर्च थेट खात्यात येणार असेल, तर खात्याला आधार ‘जोडलेलं’ असणं पुरेसं नाही. केवायसीसाठी दिलेला आधार वेगळा आणि थेट लाभासाठी केलेलं सीडिंग (सरकारी पैसे याच खात्यात यावेत अशी आधारची नोंद) वेगळं. पैसे जातात ते शेवटचं सीडिंग ज्या खात्याचं झालं तिथे. तुम्ही पासबुक दिलं एका बँकेचं आणि मोबाइल पेमेंटसाठी उघडलेल्या दुसऱ्याच खात्यावर सीडिंग असेल, तर ‘पैसे आलेच नाहीत’ म्हणून सहा महिने फिरत राहाल. आधारच्या संकेतस्थळावर लॉगिन करून ‘बँक सीडिंग स्टेटस’ पाहायला दोन मिनिटं लागतात. अर्ज भरण्याआधी पाहा.

कोर्स निवडताना

उलट्या बाजूने या. घरापासून पाऊण तासाच्या बसप्रवासात कोणती कामं आहेत, त्यांतलं कोणतं तुम्ही वर्षभर कराल, आणि त्यासाठी काय लागतं. मैत्रीण गेली म्हणून ब्युटी पार्लरला जाणाऱ्या मुलींची संख्या मोठी आहे. तो कोर्स वाईट नाही, पण तो बहुतेक वेळा नोकरीकडे नेत नाही, घरच्या घरी गिऱ्हाईक जमवण्याकडे नेतो. सामानाला पैसे लागतात, गिऱ्हाईक जमायला महिने जातात. पुढच्या महिन्यापासून पगार हवा असेल तर हा रस्ता नव्हे.

चारचाकी ड्रायव्हिंगची फसगत वेगळी. कोर्स संपतो, पण लायसन्स हातात नसतं. शिकाऊ लायसन्स निघाल्यावर ३० दिवस थांबावं लागतं आणि त्याची मुदत सहा महिने असते. बॅच सुरू व्हायच्या आधीच शिकाऊ लायसन्स काढलं असेल तर कोर्स संपता संपता चाचणी देता येते. पक्क्या लायसन्सचं शुल्क आणि चाचणीला लागणारी गाडी प्रशिक्षण संस्था देणार की तुम्ही, हे लेखी घ्या. वाद होतो तो याच दोन गोष्टींवर.

रुग्णसहायकाच्या कोर्सला मागणी खरी आहे. रुग्णालयात शिफ्ट फिरती असते, रात्रपाळी चुकत नाही. घरपोच सेवा देणाऱ्या एजन्सीकडे गेलात तर बारा किंवा चोवीस तासांची ड्यूटी आणि रोजाच्या पैशातून कमिशन. मुलीच्या घरी रात्रपाळीची तयारी आहे का, हे पहिल्या दिवशी बोलून घ्या. प्रमाणपत्र हातात आल्यावर बोलून उपयोग नसतो.

सीएनसी ऑपरेटरसाठी (संगणकाच्या आज्ञेवर चालणारं यंत्र चालवणारा) भोसरी-चाकणला काम मिळतं, पण बऱ्याचदा ठेकेदाराकडून आणि काही महिन्यांच्या बोलीवर. पाळीभर उभं राहावं लागतं. ज्याच्याकडे ड्रॉइंग वाचायची आणि व्हर्निअर-मायक्रोमीटर ही मापाची साधनं अचूक लावायची हातोटी आहे, त्याला पुढचं काम लवकर मिळतं. म्हणून वर्कशॉप पाहायला जा. मशीन चालू आहे का, एका मशीनवर किती मुलं, हे डोळ्यांनी पाहा. एका मशीनभोवती पंधरा जण उभे असतील तर तुमच्या हाताला ते किती वेळ लागणार, याचा हिशेब सोपा आहे.

नाव नोंदवण्याआधी केंद्रप्रमुखाला विचारा: मागच्या बॅचमधले किती जण कामाला लागले, कुठे, आणि तिसऱ्या महिन्यात त्यांतले किती तिथेच आहेत? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं पटकन मिळतात. तिसऱ्यावर चुळबुळ झाली की समजा. मागच्या बॅचच्या दोघांशी स्वतः बोला. नोंदणी, परीक्षा किंवा ‘प्लेसमेंट’साठी कुणी रोख पैसे मागत असेल तर पावती मागा. पावती देत नसेल तर त्या दारातून मागे फिरा.

वर्ग चालू असताना

हजेरी बायोमेट्रिक असेल तर बोट उमटलं का ते रोज पाहा. धुणीभांडी, सिमेंटचं काम करणाऱ्यांच्या बोटांचे ठसे नीट येत नाहीत. वर्गात असूनही गैरहजेरी लागते आणि शेवटी परीक्षेला बसू देत नाहीत. असं होत असेल तर पहिल्याच आठवड्यात लेखी कळवा आणि वहीवर सही सुरू करून घ्या. आयटीआयला ८० टक्के हजेरीशिवाय परीक्षेला बसता येत नाही. सही करताना कागद वाचा: न मिळालेल्या किटसाठी, गणवेशासाठी किंवा ‘नोकरी मिळाली’ अशा मजकुरावर सही करायची नाही. बऱ्याच करारांत संस्थेला पैशाचा एक हप्ता उमेदवार नोकरीला लागल्याच्या पुराव्यावर मिळतो. तुमच्या सहीला किंमत येते ती त्यामुळेच. नोकरीसाठी पाठपुरावा करताना हे लक्षात असू द्या, संस्थेलाही तुमची गरज आहे.

आयटीआयनंतर किंवा कोर्सनंतर शिकाऊ उमेदवारीचा (अप्रेंटिसशिपचा) रस्ताही आहे. ३० किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेला एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. २०१९ च्या नियमांत किमान विद्यावेतन दहावी उत्तीर्णाला ६,०००, बारावी उत्तीर्णाला किंवा आयटीआय प्रमाणपत्रधारकाला ७,००० रुपये धरलं होतं. सध्याचा दर शिकाऊ उमेदवारीच्या पोर्टलवर पाहून घ्या. करार ऑनलाइन नोंदलेला असतो आणि त्याला क्रमांक असतो. क्रमांक नसेल तर ती उमेदवारी नव्हे, स्वस्तातली मजुरी.

रुजू होताना

‘पॅकेज’ आणि हातात येणारा पगार यांत दोन-तीन हजारांचा फरक पडतो आणि पहिल्या स्लिपवर मुलं हिरमुसतात. हिशेब असा. एकूण पगार १४,०००, त्यात मूळ पगार १०,०००. भविष्य निर्वाह निधी (पीएफ) मूळ पगाराच्या १२ टक्के, म्हणजे १,२००. ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) एकूण पगाराच्या ०.७५ टक्के, म्हणजे १०५. व्यवसाय कर २००; पुरुषाला १०,००० च्या वर तो लागतो (फेब्रुवारीत ३००), बाईला २५,००० पर्यंत लागत नाही. म्हणजे मुलाच्या हातात १२,४९५, मुलीच्या १२,६९५. मालकाचा निधीचा (विमा-प्रशासन शुल्कासह १,३००) आणि ईएसआयचा (४५५) वाटा धरून हीच नोकरी ‘१५,७५५ चं पॅकेज’ म्हणून सांगितली जाते. खोटं कुणी बोललेलं नसतं, फक्त आकडा वेगळा असतो. कँटीन, गणवेश, कंपनीची बस यांची कपात याशिवाय. ती आधी विचारा.

ईएसआय कापला जात असेल तर त्याचा नंबर मागून घ्या. स्वतःच्या आणि कुटुंबाच्या औषधोपचारासाठी तो लागतो. पीएफचा यूएएन (खात्याचा कायमचा क्रमांक) आयुष्यात एकच ठेवायचा असतो. दुसऱ्या नोकरीत नवा काढून दिला तर जुने पैसे वेगळेच पडून राहतात.

नोकरी सोडण्याचा सगळ्यात धोक्याचा काळ पहिले ३५ दिवस. ५ तारखेला रुजू झालात तर पहिला पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आसपास येतो. तोवर बसभाडं, डबा, बूट हे सगळं पदरचं. कामाचा कंटाळा नाही, पण बसला पैसे नाहीत म्हणून मुलं घरी बसतात आणि केंद्राच्या वहीत ‘उमेदवार अनुत्सुक’ अशी नोंद होते. रुजू व्हायच्या आधी महिन्याच्या पासाचे आणि डब्याचे पैसे बाजूला काढा. बचत गटातून दोन-तीन हजारांची उचल मिळत असेल तर ती याच कामासाठी घ्या. केंद्र चालवणाऱ्यांनीही पहिल्या महिन्याचा पास बजेटमध्ये धरावा. दुसऱ्या कुठल्याही सत्रापेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.

नियुक्तीपत्र, पगार स्लिप आणि स्वतःचं एटीएम कार्ड या तीन वस्तू तुमच्याच ताब्यात हव्यात. ‘कार्ड माझ्याकडे राहू दे’ म्हणणाऱ्या ठेकेदाराकडे एक दिवसही थांबू नका. संस्थेला आणि समाज विकास विभागाला त्याच दिवशी लेखी कळवा.

नोकरी लागलीच नाही तर

कोर्स संपून दोन महिने झाले आणि फोन येत नसेल, तर संस्थेला लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. प्रत समाज विकास विभागाला. मग माहितीचा अधिकार: १० रुपयांचं कोर्ट फी स्टँप, दारिद्र्यरेषेखालील असाल तर तेही नाही, अर्ज १५० शब्दांच्या आत. मागायचं एवढंच: अमुक बॅचमधले एकूण उमेदवार, नोकरी दिल्याचं दाखवलेले उमेदवार, आस्थापनांची नावं आणि संस्थेला दिलेली रक्कम. उमेदवारांची नावं आणि फोन मागू नका, वैयक्तिक माहिती म्हणून अर्ज फेटाळतात. ३० दिवसांत उत्तर यायला हवं. अर्ज दाखल झाल्यावर आठवड्याभरात मुलाखतीचा फोन येतो, असंही होतं. मुलाखतीला जा, पण अर्ज मागे घेऊ नका.