कोलंबसला येताय? आधी कोणतं ते बघा

मी घातलेला घोळ आधी सांगते, म्हणजे निदान तुमचे पैसे वाचतील. अमेरिकेत कोलंबस नावाची गावं बरीच आहेत. ओहायोतलं कोलंबस ही त्या राज्याची राजधानी, वस्ती नऊ लाखांची. मला जायचं होतं इंडियानातल्या कोलंबसला आणि मी तिकीट काढलं ओहायोचं! बदलून घेताना चांगलाच भुर्दंड बसला. आपल्या कोलंबसला यायचं तर इंडियानापोलिसला उतरायचं आणि आय-65 हायवेने दक्षिणेला साधारण 45 मैल यायचं.

2020 च्या जनगणनेत इथली लोकसंख्या भरली 50,474. 2000 मध्ये ती 39 हजारांच्या आसपास होती. 1919 मध्ये इथे सुरू झालेली कमिन्स ही इंजिनांची कंपनी गावाचा कणा आहे. पुण्याशी तिचं नातं 1962 पासूनचं, किर्लोस्कर कमिन्सच्या दिवसांपासूनचं. त्यामुळे दुकानात मागून ‘अगं, भेंडी कोवळी आहे का बघ’ असं ऐकू आलं तर दचकू नका. मात्र गाव लहान आहे, हे विसरू नका. शुक्रवारी मीटिंगमध्ये ज्याच्याशी कडाकडा भांडलात, तोच शनिवारी शेतकरी बाजारात टोमॅटो निवडताना शेजारी उभा असतो.

आता घराचं. इथे भाडं बघण्याआधी नकाशा बघा. फ्लॅटरॉक आणि ड्रिफ्टवुड या दोन नद्या गावाच्या पश्चिमेला एकत्र येतात आणि तिथून पुढे व्हाइट नदीचा पूर्वेकडचा फाटा सुरू होतो. गावाच्या पूर्व भागातून हॉ क्रीक नावाचा ओढा वाहतो. एरवी त्यात गुडघाभरही पाणी नसतं. मला त्याच्या काठचं एक घर फार आवडलं होतं. दोन खोल्या, मागे अंगण, भाडंही कमी. बघून निघताना शेजारच्या आजोबांनी हाक मारली आणि त्यांच्या गॅरेजच्या भिंतीवरची एक मळकट रेघ दाखवली. माझ्या कमरेच्या वर होती. 7 जून 2008 चं पाणी! त्या दिवशी याच ओढ्याने गावातलं हॉस्पिटल बुडवलं, ते पुढे काही महिने बंद होतं. मी ते घर सोडून दिलं. फेमाचे, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी आपत्ती व्यवस्थापन संस्थेचे पूरनकाशे इंटरनेटवर फुकट बघता येतात, पत्ता टाकून बघाच. आणि घराच्या नेहमीच्या विम्यात पूर येत नाही, त्याचा विमा वेगळा काढावा लागतो.

पत्ते मात्र सोपे आहेत. आकड्यांचे रस्ते पूर्व-पश्चिम जातात आणि उत्तरेकडे आकडा वाढत जातो. सतराव्या रस्त्यावरून पंचविसाव्याकडे निघालात म्हणजे उत्तरेला चाललात. गावाबाहेर मक्याच्या आणि सोयाबीनच्या शेतांतून जाणाऱ्या रस्त्यांची नावं ‘400 नॉर्थ’ अशी असतात. शंभराला एक मैल धरायचा, म्हणजे 400 नॉर्थ हा शून्य रेषेपासून उत्तरेला चार मैलांवर. बस आहे, पण तिच्या भरवशावर नोकरी करायची म्हणाल तर हाल होतील. पहिल्या दोन महिन्यांत लायसन्सचं बघा.

घड्याळाचाही एक घोटाळा आहे. हे गाव ईस्टर्न टाइम झोनच्या पश्चिम टोकाला आहे. त्यामुळे जूनमध्ये सूर्य मावळतो सव्वानऊच्या सुमाराला आणि डिसेंबरात सकाळी आठपर्यंत अंधारच असतो. आईला फोन करताना उन्हाळ्यात साडेनऊ तास मिळवा, हिवाळ्यात साडेदहा. हे मी अजूनही चुकते आणि तिची झोपमोड करते.

पत्त्याचा पुरावा हातात आला की पहिलं काम म्हणजे लायब्ररीचं कार्ड. वास्तुरचनाकार आय. एम. पेई यांनी बांधलेली ही 1969 ची इमारत, समोर शिल्पकार हेन्री मूर यांची हिरवट झाक आलेली ब्राँझची प्रचंड कमान. एवढ्याशा गावात हे कसं, असं वाटेल. इथल्या सार्वजनिक इमारतींसाठी नामवंत वास्तुरचनाकार बोलवा, त्यांची फी आम्ही भरतो, अशी योजना कमिन्सच्या फाउंडेशनने पन्नासच्या दशकात सुरू केली होती. त्यातून शाळा झाल्या, अगदी फायर स्टेशनसुद्धा. थंडीतले माझे पहिले रविवार मी त्या कमानीच्या बाजूच्या खिडकीशी बसून काढले.