गुहेतल्या गोठ्याला निघण्यापूर्वी

सगळ्यात आधी तारखा बघा, विमानाची तिकिटं नंतर. मी पहिल्या वर्षी उलटं केलं आणि नाताळच्या आदल्या संध्याकाळी रिकाम्या गुहेपुढे जाऊन उभी राहिले. इटलीतल्या सिसिली बेटाच्या पश्चिम टोकाला, त्रापानी प्रांतात, कुस्तोनाची नावाचं गाव आहे. त्याच्या स्कुराती वाडीत, कोफानो डोंगराच्या पायथ्याशी मांजापाने गुहा आहे आणि तिथला जिवंत गोठा, म्हणजे खऱ्या माणसा-जनावरांनिशी मांडलेला येशूजन्माचा देखावा, १९८३पासून भरतो. पण तो २४ डिसेंबरच्या रात्रीचा सोहळा नव्हे. साधारणपणे नाताळनंतरचे मोजके दिवस आणि मग ६ जानेवारीच्या, म्हणजे तीन राजांच्या सणाच्या आसपासचे एक-दोन दिवस. त्या वर्षीच्या तारखा जाहीर झाल्या की मगच बाकीचं ठरवा.

भारतातून येणार असाल तर शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. डिसेंबरसाठी ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच हात घाला, दिवाळी होऊ दे म्हणत बसू नका. प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. गाडी चालवणार असाल तर आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना निघण्यापूर्वीच काढा, तिथे गेल्यावर तो मिळत नाही. आणि गाडी घ्याच. गावाकडच्या बसच्या भरवशावर सणाच्या संध्याकाळी राहणं म्हणजे रात्री रस्त्यावर थंडीत उभं राहणं. गाडी छोटी घ्या, गल्ल्या अरुंद आहेत. मुक्काम त्रापानीत, एरिचेत किंवा सान वीतो लो कापोला करता येईल. एरिचे डोंगरमाथ्यावर आहे आणि हिवाळ्यात धुक्यात बुडतं, तेव्हा रात्री परतताना तो घाट नको असेल तर खालीच राहा.

आता खरी तयारी, जी बॅगेत भरता येत नाही. आमच्या वसईत नाताळ आला की घराघरात आणि चर्चच्या आवारात गोठा सजतो. पेंढा, माती, पुठ्ठ्याचे डोंगर, आणि मध्यभागी बाळ येशू. आपली नजर सवयीने त्या मध्यभागाकडे जाते. ती सवय इथे घरी ठेवून या. इटालियनमध्ये याला ‘प्रेझेपे विवेंते’ म्हणतात, आणि प्रेझेपे हा शब्द ज्या लॅटिन शब्दावरून आला त्याचा अर्थच गव्हाण, गोठा. संत फ्रान्सिसने १२२३ साली ग्रेच्चोला पहिला असा देखावा केला, तेव्हाही गव्हाण, चारा, बैल आणि गाढव एवढंच होतं. कुस्तोनाचीतही येशूचे आईबाबा, मारिया-योसेफ, शेवटी भेटतात. त्याआधीचं जे आहे, ते बघायला आपण जातो.

ते काय, हे आधी थोडं समजून घ्या, नाहीतर नुसती गर्दी दिसेल. या गुहेत अश्मयुगातल्या माणसांची दगडी हत्यारं आणि प्राण्यांची हाडं सापडली आहेत. पुढे एकोणिसाव्या शतकात मांजापाने कुटुंब इथे राहायला आलं आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत राहिलं. उंच कातळाच्या जबड्यात त्यांची घरं, पावाची भट्टी, जनावरांचा गोठा, बाहेर छोटंसं प्रार्थनाघर असं सगळं अजून उभं आहे. नाताळात नेपथ्य उभारावं लागत नाही, दिवे लावले की झालं. घरात आणि अंगणात गावातले कारागीर बसतात: लोहार, चांभार, विणकर, टोपल्या वळणारे, मेंढीच्या दुधाचा रिकोत्ता (मऊ, ताजं चीज) काढणारे. हे नट नाहीत, बरेचसे आपलंच काम करत असतात. ठेंगण्या ताडाच्या पानांची केरसुणी वळणाऱ्या म्हाताऱ्यासमोर मी अर्धा तास उभी होते, कारण आमची आजी शिंदीच्या पानांची अशीच वळायची, पायाच्या अंगठ्यात दोरी धरून. ही तंद्री लागणार हे गृहीत धरून किमान तीन तास हातात ठेवा.

म्हणून उजेड असतानाच पोचा. डिसेंबरअखेरीस तिथे सूर्य पाचच्या आत मावळतो. उजेडात गुहेची उंची कळते, आणि अंधारात भट्टीचा जाळ. दोन्ही हवं. गर्दीच्या संध्याकाळी गाडी गुहेच्या दारात नेता येईल ही आशा नको, चालायची तयारी ठेवा. वाट दगडी आणि चढ-उताराची आहे, तेव्हा बूट रबरी तळव्याचे, पकड असलेले. मी नवे चामडी घालून गेले होते, पुढचं सांगत नाही. सोबत कोणाचे गुडघे दुखत असतील तर काठी घ्या. आजीला ‘बघू, होईल’ म्हणून नेऊ नका, आधी विचारा.

थंडी पारा बघून ठरवू नका. सिसिली आहे म्हणून लोक टी-शर्टवर येतात. दिवसा दहा-पंधरा अंश असले तरी समुद्र जवळ आहे आणि सूर्य गेला की वारा हाडात जातो. लोकरीचे दोन पातळ थर, वर वारा अडवणारं जाकीट. छत्रीऐवजी रेनकोट, कारण गर्दीत छत्री दुसऱ्याच्या डोळ्यात जाते. जागोजागी चुली पेटलेल्या असतात, म्हणून मुलांना फरफरते सिंथेटिक कपडे नकोत. धुराचा त्रास असणाऱ्यांनी इनहेलर खिशात ठेवावा, बॅगेच्या तळाशी नाही.

खिशात नोटा आणि सुटे युरो ठेवा. खाण्याचं मुद्दाम सांगते, कारण शाकाहारी मंडळी इथेच अडकतात. रिकोत्ता भरलेल्या, आपल्या करंज्यांसारख्या कास्सातेल्ले मिळाल्या तर खाच, पण त्यांच्या पारीत कधी डुकराची चरबी असते. ‘स्त्रुत्तो?’ असं विचारायचं. तेल, टोमॅटो, चीज घातलेल्या ‘पाने कुन्त्सातो’मध्ये खारवलेले मासे असतात, नको असतील तर ‘सेन्झा अच्चूगे’. चीज घट्ट करायला प्राण्यांच्या जठरातून काढलेलं विरजण (रेनेट) वापरतात, हेही कडक पथ्य असणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. मी स्वतः मासे खाणारी, त्यामुळे माझी मजाच.

फोटोंसाठी फ्लॅश बंद करून जा. गाढव बुजतं आणि कारागीरही वैतागतो. माणसाचा फोटो काढण्याआधी ‘पोस्सो?’ एवढं म्हटलं की बहुतेक हसून मान हलवतात. मोबाइलची बॅटरी पूर्ण चार्ज करा, पॉवर बँक घ्या. घरच्यांना व्हिडिओ कॉल करायचा असेल तर हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक असतो. तिथे संध्याकाळचे सहा वाजतात तेव्हा वसईत साडेदहा झालेले असतात. आईला आधीच जागं राहायला सांगून ठेवा.

आणि सामानात एक मोठी, घट्ट बंद होणारी प्लास्टिकची पिशवी टाका. परतीच्या दिवशी स्वेटर तिच्यात कोंबायचा. त्या धुराचा वास बाकीच्या कपड्यांना लागला तर दोन धुण्यांत निघत नाही.