घरात इन्सुलिन नवीन चालू झालंय? आधी सिरिंज बघा

बाकी सगळं नंतर, पहिलं सिरिंज. आपल्याकडे केमिस्टकडे मिळणारी कुपी बहुतेक वेळा ४० ची असते, म्हणजे एका मिलीत ४० युनिट, आणि पेनच्या (इन्सुलिन टोचायचं पेनसारखं साधन) कार्ट्रिजमध्ये एका मिलीत साधारण १०० असतात, त्यामुळे ४० च्या कुपीला लाल टोपीची सिरिंज आणि १०० च्या कुपीला केशरी. १०० ची कुपी आणि ४० ची सिरिंज असं झालं तर डोस थेट अडीचपट जातो, जिवावर बेतू शकतं हो, म्हणून केमिस्टकडे कितीही गर्दी असली तरी काउंटरवरच दोन्हीवरचे आकडे जुळवा.

न उघडलेलं फ्रिजमध्ये, २ ते ८ डिग्री. गोठलं तर फेकायचंच. चालू असलेलं बाहेर साधारण ४ आठवडे टिकतं (खोक्यावर बघा) पण ३० डिग्रीच्या आत, आणि मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत कुठलं आलंय ३०, तिथे फ्रिज नसेल तर ओलं फडकं गुंडाळलेलं मडकं, आत कोरडा बंद डबा. आपल्या दमट हवेत फार गार नाही होत पण उन्हापेक्षा बरंच.

दुधाळ इन्सुलिन जोरात हलवू नका, तळहातांमध्ये हळू फिरवा. पेनमधून आधी २ युनिट हवेत सोडायचे, टोचल्यावर दहा मोजून मगच सुई काढायची, रोज जागा बदलायची.

घाम, थरथर सुटली, शुगर ७० च्या खाली, तर लगेच ३ चमचे साखर पाण्यात, १५ मिनिटांनी परत तपासा. विरार लोकलच्या गर्दीत बॅगेपर्यंत हात पोचत नाही, ग्लुकोजची पुडी शर्टाच्या खिशातच ठेवा.