बाळाला घेऊन पवनेला तंबूत रहायचंय? आधी टेकडी, मग गच्ची, मग धरण

आमची पोरगी नऊ महिन्यांची असताना पवनेला, म्हणजे लोणावळ्याजवळच्या पवना धरणाकाठी, तंबूत पहिली रात्र काढली. निघताना सासूबाई दारातच म्हणाल्या, "अगं दात येतायत तिला, थंडीत कुठे नेताय". ओरडा खाल्ला आणि गेलो. त्यानंतर अजून तीनदा गेलोय, त्यात जे जे चुकलं ते सांगते म्हणजे तुमचं तरी चुकणार नाही.

पहिली गोष्ट वय. पाठीवरची फ्रेमवाली बॅग वापरायची असेल तर बाळ आधाराशिवाय नीट बसायला हवं, नुसतं मान धरून भागत नाही. त्याआधी पोटाशी बांधायचं मऊ कॅरियर, तेही मान धरल्यावर. मांड्यांना पूर्ण आधार पाहिजे आणि गुडघे ढुंगणापेक्षा जरा वर, पाय सरळ लोंबकळत असतील तर ते कॅरियर कितीही महागाचं असो, परत करा.

मग थेट पवना नाही. पहिले दोन-तीन रविवार पुण्यातलीच तळजाई नाहीतर वेताळ टेकडी, सकाळी सातला, तासाभरात घरी. एवढ्यातच कळतं की कॅरियरचा पट्टा कुठे काचतो, बाळ किती वेळ गप्प बसतं आणि आठ-नऊ किलो पाठीवर घेऊन उतरताना स्वतःचे गुडघे काय म्हणतात. त्यानंतर सिंहगड. गाडी वरपर्यंत जाते त्यामुळे पायथ्याच्या आतकरवाडीतून चढायचा हट्ट करू नका, वर जाऊन फिरा, झुणका-भाकर खा, मटक्यातलं दही खा. फक्त सुट्टीच्या दिवशी नको, घाटात गाड्यांची रांग लागते आणि थांबलेल्या गाडीत बाळाला कसं सांभाळायचं हे मला अजून जमलेलं नाही.

चालताना एक गोष्ट कुणी सांगत नाही. आपण चढत असतो, घाम येत असतो, त्यामुळे वाटतं बाळालाही गरम होतंय, पण ते तर पाठीवर नुसतं बसलेलं असतं ना, वारा सुटला की त्याला थंडी वाजते. उलट दुपारी उन्हात आपण त्याच्या डोक्यावरून ओढणी टाकतो आणि आत हवाच खेळत नाही. हातपाय बघून कळत नाही, ते गारच असतात. दर वीस मिनिटांनी मानेमागे कपड्यात बोट घाला, घाम असेल तर एक थर काढा, गार लागलं तर एक चढवा.

आता तंबू. आधी एक रात्र गच्चीत झोपा, खरंच. बाळाला तंबूची सवय होते आणि मध्यरात्री अंधारात डायपर बदलायची रंगीत तालीम होते.

पवनेला जायला नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी बरा. जानेवारीत पाण्याकाठी चांगलंच गारठतं, मार्चनंतर तंबू सकाळी आठलाच तापतो, आणि पावसाळ्याचं तर नावच नको. जागा बघताना गाडी तंबूच्या किती जवळ येते, संडास कसाय आणि रात्री गाणी कधी बंद करतात एवढं विचाराच. आम्ही एकदा शनिवारी गेलो, बुकिंग करताना "फॅमिली साइट आहे मॅडम" म्हणाले आणि रात्री साडेबारापर्यंत धाडधाड स्पीकर, पोरगी गाडीत झोपवली शेवटी, नवरा आणि मी आळीपाळीने काच उघडी ठेवून शेजारी बसलो. तेव्हापासून मधला वार.

पहिल्या रात्रीची मोठी चूक म्हणजे थंडीच्या भीतीने आम्ही तंबूच्या सगळ्या चेन लावून टाकल्या. तीनला जाग आली तर वरून टपटप. तिघांच्या श्वासाची वाफ आतल्या कापडावर जमून थेंब पडत होते, पोरीची कानटोपी ओली, माझी उशी ओली, आणि दव बाहेर असतं असं मी समजत होते. म्हणून वरच्या जाळीच्या खिडक्या उघड्या ठेवायच्या, वाऱ्याची बाजू सोडून. थंडी खरी जमिनीतून येते, तेव्हा खाली आधी ताडपत्री, त्यावर फोमची चटई, त्यावर जाड गोधडी. बाळाच्या अंगावर मात्र जड पांघरूण किंवा उशी नको, तोंडावर येतं. अंगातच कपड्यांचे दोन-तीन थर घाला आणि त्याची जागा सपाट, कडक, आपल्यापेक्षा थोडी वेगळी ठेवा.

आणि तंबूत शेगडी, कोळसे काहीही न्यायचं नाही, विझत आलेलेसुद्धा. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड गॅसला वास येत नाही, झोपेतच जीव जातो.

खाण्याचं सोपंय. अंगावरचं दूध असेल तर निम्मं सामान घरी. सहा महिन्यांच्या आत वरचं पाणीही नको. पुढच्या वयाला नाचणीचं सत्त्व, मऊ भात, थर्मासमध्ये उकळलेलं पाणी. बाटलीत उरलेलं दूध टाकून द्या, नंतर पाजू नका. वर्षाच्या आत मध चाटवू नका, आजीने डबी दिली तरी.

डासांसाठी घुमटीसारखी मच्छरदाणी सगळ्यात भारी. क्रीम लावायचंच असेल तर डॉक्टरांना विचारून, आणि हातांना नाही कारण हात सरळ तोंडात जातात. तापाच्या औषधाचा डोस वजनाप्रमाणे आधीच लिहून घ्या, धरणाकाठी रेंज येते-जाते. १०८ लागेलच असं धरू नका, सगळ्यात जवळचा दवाखाना दिवसाच बघून ठेवा. आणि बाळाला घेऊन धरणाच्या पाण्यात उतरायचं नाही, काठ एकदम खोल होतो आणि गाळात पाय रुततो.

सकाळी गड करायचा असेल तर लोहगड. लोहगडवाडीपर्यंत गाडी जाते, पुढे पायऱ्या आहेत. भाजे गावाकडून चढणं बाळासोबत नको, तिकोना-तुंगही सध्या राहू द्या. अंगाला सेंट नको आणि गडावर धूर तर अजिबातच नको, कड्यांवर आग्यामोहोळं असतात. बिस्किटाचा पुडा हातात दिसला की माकडं येतात, तोही आत ठेवा. आम्ही पहिल्यांदा हनुमान दरवाज्यातूनच परत फिरलो, तिची झोपायची वेळ झाली होती आणि किरकिर सुरू झाली होती, गडाच्या टोकाची विंचूकाटा माची दुसऱ्या खेपेला बघितली.

वापरलेले डायपर डबल पिशवीत बांधून घरी आणायचे, पुरायचे नाहीत, कुत्री उकरतात. आणि आल्या आल्या, कितीही दमलात तरी, तंबू गच्चीत वाळत घाला, ओला गुंडाळलात की बुरशी धरते. आमचा दोन दिवस तिथेच उभा होता आणि सासूबाई नातीला घेऊन त्यातच बसलेल्या असायच्या.