दोन महिने अंगावर, दहा महिने कपाटात: खानदेशातलं लेदर जॅकेट

मे महिन्यात आमच्या जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो. त्यामुळे कोणी लेदर जॅकेट घालून आलं की पहिला प्रश्न ठरलेला: "हाई काय लई उना भो?" (हे काय घेऊन आलास, भाऊ?) पण डिसेंबरात पहाटे पाचला दोंडाईच्याहून शहाद्याकडे मोटारसायकल काढून बघा. सारंगखेड्याला तापीचा पूल ओलांडताना जो वारा लागतो, तो स्वेटरला विचारतसुद्धा नाही. तिथे कातडंच लागतं.

अडचण एवढीच, की ही थंडी दोन-अडीच महिन्यांची. उरलेलं वर्ष जॅकेट कपाटात. अंगावर फाटलेली जॅकेटं मी फार पाहिली नाहीत, कपाटात खराब झालेली मात्र बरीच पाहिली. पहिलं बळी गेलं ते माझंच, ती गोष्ट पुढे येईलच.

आधी कातडं ओळखा

रेक्झीन किंवा पीयूचं, म्हणजे प्लॅस्टिकचा थर दिलेल्या नकली कातड्याचं, जॅकेट दुकानात खऱ्यापेक्षा चकचकीत दिसतं. उष्णता आणि दमटपणा लागला की दोन-तीन वर्षांत त्याचे पापुद्रे सुटतात, आणि त्यावर इलाज नाही. काडी पेटवून पारख करू नका, दुकानदार बाहेर काढेल. खिशाच्या आत किंवा अस्तराच्या शिवणीपाशी कापलेली कड दिसते का ते पाहा. खऱ्या कातड्याची कड तंतुमय, किंचित केसाळ असते. नकली कातड्यात कापडावर चढवलेला प्लॅस्टिकचा थर वेगळा दिसतो. 'जेन्युइन लेदर' या शिक्क्याने फार हुरळू नका, दर्जाबद्दल तो काहीच सांगत नाही.

मेंढीचं कातडं मऊ आणि हलकं, साधारण ०.७ ते ०.९ मिलिमीटर जाडीचं. म्हशीचं किंवा गायीचं एक मिलिमीटरच्या पुढे, जड आणि टिकाऊ. आपल्या हवेत रोजच्या वापराला मेंढीचं बरं. पण मऊ फॅशन जॅकेट पडल्यावर वाचवेल या भ्रमात राहू नका. लांब पल्ल्याच्या प्रवासासाठी ईएन १७०९२ या मोटारसायकलच्या कपड्यांसाठीच्या युरोपीय मानकाचं, कोपर-खांद्याला संरक्षक पॅड असलेलंच घ्यावं.

माप: छातीआधी खांदा

छाती, कंबर, बाह्यांची लांबी हे टेलर थोडंफार सांभाळून घेतो. खांदा मात्र उसवला की जॅकेट उसवलंच समजा, शिवाय कातड्यात सुईची जुनी भोकं कायमची राहतात. म्हणून खांद्याची शिवण हाडाच्या टोकावर बसली पाहिजे. दंडावर उतरली तर जॅकेट मोठं, मानेकडे सरकली तर लहान.

ऑनलाइन मागवताना दोन मापांचा घोळ होतो: अंगाचं माप आणि जॅकेटचं माप. छाती ३८ इंच असेल, तर चेन लावून सपाट पसरलेलं जॅकेट काखेपासून काखेपर्यंत साडेवीस-एकवीस इंच भरलं पाहिजे, म्हणजे घेर ४१-४२. घरातलं नीट बसणारं एखादं जॅकेट असंच मोजा आणि ते आकडे विक्रेत्याच्या आकड्यांशी ताडा. 'एल' आणि 'एक्सएल' या अक्षरांना काही अर्थ नाही.

दुकानात घालून बघताना उभं राहून आरशात पाहणं पुरेसं नाही. हँडल धरल्यासारखे हात पुढे करा. बाही मनगटाच्या हाडाच्याही वर सरकली तर ती आखूड आहे. कोपराला चुण्या पडल्यावर ती अजून थोडी वर जाते, म्हणून हात खाली सोडल्यावर बाही अंगठ्याच्या बुडापर्यंत आलेली चालते. आणि आत जाड स्वेटर धरून माप घेऊ नका. शर्ट आणि फार तर एक पातळ स्वेटर. नवं कातडं छातीत आणि कोपरात थोडं सैलावतं, पण लांबीला वाढत नाही. नवं असताना जरा घट्ट वाटलं तर चालेल. श्वास घेताना चेन ताणली जात असेल तर परत द्या.

अंगवळणी पाडणं

याला एकच उपाय: घालणं. पाण्यात भिजवून अंगावर वाळवा, हेअर ड्रायर फिरवा, उन्हात ठेवा म्हणजे नरम होईल, असे सल्ले मिळतात. आपल्या उन्हात ठेवलेलं जॅकेट नरम होत नाही, पापड होतं. कातड्यातला तेलकटपणा निघून गेला की तंतू आखडतात.

दिवाळीनंतर संध्याकाळी घरात तासभर घालून बसा. घरचे हसतील, हसू द्या. कोपर वाकवा, खांदे फिरवा, चेन शंभरदा वर-खाली करा. मेंढीचं आठवड्याभरात ऐकतं. म्हशीचं महिनाभर अडून बसतं आणि मग एकाएकी तुमचं होऊन जातं.

तेलाचा मोह

सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांच्या बाजारात खोगिरं आणि लगाम विकणारे बसतात. तिथल्या एका म्हाताऱ्या बाबांना मी विचारलं, जॅकेटला कोणतं तेल लावू? त्यांनी जॅकेट चिमटीत धरून पाहिलं आणि म्हणाले, तेल खोगिराला, याला नको. पुढे कारण कळलं. खोगीर किंवा कोल्हापुरी चप्पल बाभळीच्या सालीसारख्या वनस्पतींनी कमावलेल्या जाड कातड्याची, तिला तेल मानवतं. जॅकेटचं कातडं बहुतेक वेळा क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं, पातळ आणि वर रंगाचा थर असलेलं. खोबरेल किंवा शेंगदाण्याचं तेल त्यात डाग पाडतं, खवट होतं आणि धूळ धरतं. बुटाचं पॉलिशही नको, ते शर्टाच्या कॉलरला लागतं.

लेदर कंडिशनर, म्हणजे कातडं मऊ ठेवणारं क्रीम, वर्षातून दोनदा पुरे: फेब्रुवारीअखेर ठेवताना आणि ऑक्टोबरात काढताना. आधी आतल्या बाजूच्या कोपऱ्यात लावून रंग बदलतो का ते पाहा. वाटाण्याएवढं क्रीम, मऊ सुती फडकं, पातळ हात. जूनच्या तोंडावर लावू नका. तो तेलकट थर बुरशीचं खाद्य होतो. स्वेडला, म्हणजे लवदार पृष्ठभागाच्या कातड्याला, यातलं काहीच चालत नाही, त्याला फक्त मऊ ब्रश.

भरीत पार्टीला जॅकेट घालून गेलात तर ते शेकोटीपासून लांब फांदीवर अडकवा. वांगी भाजल्याचा धूर अस्तरात बसला की दोन दिवस वाऱ्यावर टांगल्याशिवाय जात नाही. कॉलरचा घाम त्याच रात्री ओलसर फडक्याने पुसा. अवकाळीत भिजलं तर टिपून घ्या आणि पंख्याखाली सावलीत वाळवा.

ते दहा महिने

माझं पहिलं जॅकेट मी दुकानाच्या प्लॅस्टिक पिशवीसकट पत्र्याच्या खोलीत खिळ्याला टांगलं होतं. उन्हाळ्यात ते कडकडीत झालं. श्रावणात पिशवी उघडली तर आत पांढरी-हिरवी बुरशी, आणि मानेच्या मागे खिळ्याचं टेंगूळ. ते टेंगूळ शेवटपर्यंत बसलं नाही.

म्हणून रुंद खांद्याचा लाकडी हँगर, वर जुनी सुती चादर किंवा धोतराचा तुकडा. पोटमाळा नको, बाहेरच्या भिंतीला लागलेलं कपाट नको. आणि ज्या खोलीत कूलर चालतो तिथे तर अजिबात नको. तो दोन महिने ओली हवा फेकत असतो. खिशात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. डांबरगोळ्यांनी बुरशी थांबत नाही, नुसता वास राहतो. पावसाळ्यात उघडीप मिळेल त्या दिवशी, निदान पंधरवड्यातून एकदा, जॅकेट बाहेर काढून तासभर वाऱ्यावर ठेवा.

तरीही बुरशी आलीच, तर तोंडाला रुमाल बांधून अंगणात जा आणि कोरड्या मऊ ब्रशने ती झटका. मग पांढरं व्हिनेगर आणि पाणी समसमान घेऊन फडकं घट्ट पिळा आणि कातडं, शिवणी, अस्तर सगळं पुसा. आधी आतल्या बाजूला करून बघा. दोन दिवस सावलीत वाळलं की पातळ कंडिशनर. कपाटही त्याच पाण्याने पुसून वाळवा आणि शेजारी टांगलेले कपडे धुवायला टाका, नाहीतर पंधरा दिवसांत तीच बुरशी पुन्हा जॅकेटवर दिसेल.