नॉर्स (जुन्या स्कँडिनेव्हियाच्या) शिल्पांतला देव ओळखायचा कसा?

सुरुवात नावाने करू नका, नोंदीने करा. शिळेवर किंवा मूर्तीत दिसतं तेवढंच लिहा: माणसं किती, कोणाच्या हातात काय, जनावराला पाय किती, तोंड कुणीकडे. ओडिन, थॉर ही देवांची नावं यात येऊ द्यायची नाहीत. एकदा नाव सुचलं की झिजलेल्या रेघासुद्धा त्या नावाला साजेशा दिसायला लागतात.

स्वीडनच्या गॉटलंड बेटावरच्या चित्रशिळांवर आज दिसणारा रंग बहुतेक ठिकाणी विसाव्या शतकातल्या अभ्यासकांनी भरलेला आहे. ती रंगीत रेघ म्हणजे कोणीतरी केलेलं वाचन, पुरावा नव्हे. प्रत्यक्ष शिळेसमोर असाल तर कॅमेरा स्थिर ठेवा, टॉर्च पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून धरा आणि चारही बाजूंनी एकेक फोटो घ्या. उजेड रेघेच्याच दिशेने पडला तर ती रेघ नाहीशी होते, म्हणून एका फोटोवर निकाल देऊ नये.

आता खुणा. आपल्याकडे आयुधं आणि वाहनावरून मूर्ती ओळखतात, ती सवय इथे निम्मीच कामाला येते. मूर्ती कशी घडवावी हे सांगणारं शास्त्र नॉर्स परंपरेतून आलेलं नाही. नॉर्स देवकथा सांगणारा स्नोरीचा ग्रंथ, एड्डा, साधारण १२२० चा, ख्रिस्ती आइसलंडमधला. बरीच शिल्पं त्याच्याआधी काही शतकांची. म्हणून एका खुणेवर नाव ठरवू नये. एकाच कथेत बसणाऱ्या निदान दोन-तीन खुणा हव्यात.

स्वीडनमधली अल्तुनाची अकराव्या शतकातली रूनशिळा (रून लिपीतला लेख असलेली शिळा) याचा उत्तम नमुना आहे. होडीतला माणूस, हातात हातोडा, गळाला बैलाचं डोकं, खाली सर्प आणि होडीच्या तळातून आरपार गेलेला पाय. हा पाय फार मोलाचा, कारण गळ ओढताना थॉरचे पाय तळ फोडून जातात हे स्नोरी सांगतो. होडीत कथेतला थॉरचा सोबती हिमिर राक्षस नाही, तरीही इथे थॉर म्हणायला हरकत नाही.

गॉटलंडवरच्याच च्यांगविडेच्या शिळेवर आठ पायांचा घोडा आहे, म्हणजे ओडिनचा घोडा स्लेपनीर. पण स्वार कोण? समोर शिंग घेतलेली स्त्री आहे, त्यामुळे तो ओडिन असेल किंवा वल्हल्लात, म्हणजे ओडिनच्या महालात, पोचलेला मृत योद्धाही.

डेन्मार्कमधल्या लेय्रला २००९ मध्ये सापडलेली चांदीची मूर्ती जेमतेम १.७५ सेंटिमीटर उंच आहे. आसनावर दोन पक्षी, ते ओडिनचे दोन कावळे समजून ओडिन असं म्हटलं गेलं. पण पायघोळ वस्त्र आणि गळ्याखालच्या मण्यांच्या सरी बाईच्या पेहरावातल्या, म्हणून काही अभ्यासक तिला फ्रेया देवी मानतात. अशा वेळी दोन्ही नावं लिहा आणि प्रत्येकापुढे कोणती खूण त्याच्या बाजूची, कोणती विरुद्ध, तेही नोंदवा.