वस्तीतल्या चौकात छोटं कारंजं: आखणी कशी करावी

सुरुवात नळजोडणीपासून नको, सावलीपासून करा. भर दुपारी जागेवर तासभर उभे राहा. ऊन कुठे तापतं, वारा कुठून येतो, माणसं कुठे टेकतात, हे टिपून ठेवा. वारा आधी पाण्यावरून आणि मग बाकांकडे जाईल अशी जागा निवडा.

दुसरं, तिथली हवा ओळखा. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता शोषली जाते, गारवा येतो तो त्यातूनच. दमट हवेत मात्र वाफ होणंच मंदावतं आणि बारीक तुषारांनी नुसती चिकचिक वाढते. तिथे अंगावर घेता येतील अशा जाड धारा बऱ्या.

आता हौद. माझं ऐकाल तर बांधूच नका. काही सेंटीमीटर पाण्यातही तान्हं मूल बुडू शकतं आणि साचलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत डास तयार होतात. त्यापेक्षा फरशीतून उसळणाऱ्या आणि जाळीतून लगेच खालच्या टाकीत परतणाऱ्या धारा ठेवा. फ्रान्समधल्या बोर्दो शहरात २००६ साली झालेल्या 'जल-आरशा'त ग्रॅनाइटवर पाणी असतं ते जेमतेम २ सेंटीमीटर, तरी उन्हाळ्यात तिथे पोरांची झुंबड उडते.

फरशी खरबरीत घ्या, गुळगुळीत नको. जाळीकडे शंभराला एक-दीड इतका उतार पुरतो. धार जितकी उंच, निदान तितकी मोकळी जागा चहूबाजूंनी सोडा, नाहीतर वारा निम्मं पाणी रस्त्यावर नेतो.

पाण्याच्या शुद्धतेत काटकसर करू नका. 'पिऊ नये' अशी पाटी लावली तरी मुलं ते पिणारच. फेरवापराच्या पाण्याला गाळणी हवी, क्लोरीन लिटरमागे १ ते ३ मिलिग्रॅम आणि पीएच ७.२ ते ७.८ राखावा. लिजिओनेला हे जिवाणू कोमट पाण्यात वाढतात आणि बारीक तुषारांतून थेट फुफ्फुसात जातात, म्हणून तुषारांसाठी टाकीतलं पाणी न वापरता पिण्याच्या पाण्याची वेगळी जोडणी घ्या. पाण्याजवळचे दिवे १२ व्होल्टचेच असावेत. धारा बटण दाबल्यावर सुरू होऊन ठरावीक वेळाने आपोआप थांबल्या, तर पाणी आणि वीज दोन्ही वाचतात.

हे सगळं कागदावर उतरवण्याआधी जाळी कोण साफ करणार, क्लोरीन रोज कोण तपासणार, ते नक्की करा. पंपाच्या खोलीत माणूस नीट उभा राहू शकेल एवढी जागा ठेवा. रांगत जावं लागलं, तर तिकडे कुणी फिरकत नाही.